दोन रंगांचं कार्ड कुठल्या गठ्ठ्यात?

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात 120 गोल पत्ते असतात. 10 अवतार, प्रत्येकाचे 12. कुठला पत्ता कुणाचा, यात वादच नाही. आपण वर्गासाठी संच करायला बसलो की मात्र अडतं, कारण परिसर अभ्यासातल्या गोष्टी एका खान्यात बसत नाहीत.

आपल्या मीरा-भाईंदरचाच संच करून बघा. रंग चार: उत्तनचा समुद्र निळा, कांदळवन हिरवं, मिठागर पांढरं, राष्ट्रीय उद्यानाचं जंगल तपकिरी. बोंबील निळा, बिबट्या तपकिरी, झालं. पण कोळंबी? ती अंडी घालते समुद्रात आणि पिल्लं वाढतात कांदळवनाच्या खाडीत. खंड्या? तो कांदळवनातही दिसतो, जंगलातही. दोघांच्या कार्डावर दोन-दोन रंग, म्हणून दोघंही 'मिश्र' गठ्ठ्यात जातात. इथेच घोटाळा आहे. कोळंबीला दोन्ही जागा लागतात, तिचं कार्ड 'आणि'चं. खंड्याला कुठलीही एक चालते, त्याचं 'किंवा'चं.

खेळताना हा फरक लगेच कळतो. चार मुलं बसवा. हातातल्या पत्त्यांतला एक ठेवून बाकीचे शेजाऱ्याला द्यायचे, पत्ते संपेपर्यंत. शेवटी प्रत्येकाने दोनच रंग निवडायचे आणि त्यांत बसणारे पत्तेच मोजायचे. चार रंगांच्या जोड्या होतात 6 (फळ्यावर मुलांकडूनच काढून घ्या). एकरंगी पत्ता त्यांतल्या 3 जोड्यांना चालतो, 'किंवा'चा 5 जोड्यांना, आणि 'आणि'चा फक्त एकीला! म्हणून एकरंगीला 1 गुण असेल तर 'आणि'ला 3 द्या, नाहीतर कोळंबी कुणी घेणारच नाही.

गठ्ठे करताना 'आणि'ची कार्डं वेगळी ठेवा, प्रत्येक जोडीला सारखीच. 'किंवा'चं कार्ड मात्र एकरंगीसारखंच वापरलं जातं. ज्या रंगात पत्ते कमी पडतात, त्यात मी ते धरते.

'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ 1993 मध्ये रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने काढला. त्यात दोन्ही रंग लागणारे पत्ते 1994 मध्ये आले, कुठलाही एक चालेल असे 2005 मध्ये. तेव्हा आपल्या मुलांना एखादा तास जास्त लागला तरी घाई नको.

समुद्र-मिठागर जोडीला मीठ, समुद्र-जंगलाला लाकडी होडी. मिठागर-जंगलाचं कार्ड कोरं ठेवा, ते मुलांना शोधू दे.