वाफसा

आमच्या बारामती तालुक्यात ‘आवर्तन’ हा शब्द दोन ठिकाणी कानावर पडतो. मोरगावला मयूरेश्वरापुढं अथर्वशीर्षाची आवर्तनं होतात, आणि नीरा डाव्या कालव्याच्या बागायती गावांत ‘औंदा आवर्तन कधी सुटायचं?’ यावरून तावातावानं बोलणी होतात. एक पाठांतराची फेरी, दुसरी पाण्याची पाळी. या दोन गोष्टींना एकच नाव कसं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. पहिल्या सेमिस्टरला सपाटून मार खाल्ला तेव्हा तो करावा लागला.

लोणी भापकर कालव्याच्या सुखापलीकडचं गाव. जिरायती पट्टा. जुनी देखणी पुष्करणी आणि अंगावर कोरीव झूल पांघरलेला दगडी यज्ञवराह बघायला लांबून माणसं येतात. पण इथं राहणाऱ्याचं सगळं लक्ष आभाळाकडं. आलेलं पाणी किती, त्यातलं मुरलं किती आणि वाहून गेलं किती, हा हिशेब इथल्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. त्याचंच पोरगं एसटीचा पास काढून बारामतीच्या कॉलेजात जातं, नाहीतर पुण्यात कॉट बेसिसवर राहायला लागतं, आणि हाच हिशेब वेळेच्या बाबतीत साफ विसरतं.

चूक निम्मी वेळापत्रकाची आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षभरात १२०० तासांच्या शिकण्याला ४० क्रेडिट धरलेत, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. थिअरीच्या एका क्रेडिटसाठी वर्गात तास होतात साधारण १५. (प्रॅक्टिकलचं गणित वेगळं.) मग उरलेले १५ गेले कुठं? ते फळ्यावरच्या वेळापत्रकात लिहिलेलेच नसतात! २० क्रेडिटच्या सेमिस्टरचे ६०० तास १५ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४० येतात. ही चक्क पूर्णवेळ नोकरी झाली, आणि तिच्यातली जवळपास निम्मी हजेरी कुणीच घेत नाही. बारावीपर्यंत शाळा, क्लास आणि आईचा आवाज मिळून ती हजेरी घेत होते. म्हणून नव्या पोराला वाटतं, काय निवांत आहे कॉलेज! मग एकाच आठवड्यात सबमिशन, ओरल आणि इंटर्नल येऊन आदळतात, नाईट मारल्या जातात आणि शेवटी केटी लागते.

नाईट मारून काय होतं, हे मोजून बघणारा माणूस जर्मनीत होऊन गेला. हर्मान एबिंगहाउस. त्याच्याकडं ना प्रयोगशाळा होती, ना विद्यार्थी. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर करायचा तोही तोच. आधीच्या ओळखीचा फायदा नको म्हणून त्यानं ज्यांना काहीच अर्थ नाही अशा सुमारे २३०० अक्षरजुळण्या तयार केल्या आणि घड्याळाच्या टिकटिकीवर त्यांच्या याद्या घोकत बसला. पाठ करायच्या, विसरायच्या, पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला ते टिपून ठेवायचं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. १८८५ साली त्यानं पुस्तक काढलं. तासाभरात निम्म्याहून अधिक पाठांतर गळालेलं, दिवसभरात दोनतृतीयांश. त्यानंतर मात्र गळती मंदावते. महिन्यानंतरही पाचवा हिस्सा शिल्लक राहतो.

पण मला वेड लावलं ते त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या एका आकड्यानं. बारा जुळण्यांची एक यादी त्यानं एका दिवसात एका दमात ६८ वेळा म्हटली. तसलीच दुसरी यादी तीन दिवसांत विभागून फक्त ३८ वेळा. पुढच्या दिवशी दोन्ही सारख्याच पक्क्या निघाल्या. तीस आवर्तनं वाचली! डोकं तेच, माणूस तोच. मध्ये फक्त खंड पडला होता.

खंडात असं काय असतं?

आपल्याकडं मोठा पाऊस झाल्यावर लगेच कुणी पाभर धरत नाही. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं गच्च भरलेल्या असतात, मुळाला हवा मिळत नाही, औत घातलं तर ढेकळं निघतात. दोन दिवस, चार दिवस थांबायचं. जादा पाणी खाली निचरतं, मातीत ओल आणि हवा दोन्ही नांदायला लागतात. हाच वाफसा. तो आला की नाही हे माती मुठीत दाबून कळतं. थांबलेले दिवस रिकामे दिसतात, पण जमीन तयार होते ती त्याच दिवसांत.

मेंदूत माती नसते, हे कबूल. खंडाचा फायदा नेमका कशानं होतो यावर अभ्यासकांची मतंही एक नाहीत. पण एक धागा बराच भक्कम आहे: थोडं विसरल्यावर आठवायला जोर लावावा लागतो, आणि तो जोरच आठवण पक्की करतो. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी कागद मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी बघितलं तर वाचणारे पुढं, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानं बघितलं तर लिहिणारे ५६ वर आणि वाचणारे ४२ वर. म्हणजे वाचताना ‘येतंय की सगळं’ असं जे वाटतं, ते वरवरचं पाणी. वही मिटली की कळतं किती मुरलं ते. मिटलेली वही मांडीवर घेऊन एसटीच्या खिडकीशी बसलेलं पोर बघून मला आता वाटतं, अभ्यासाला यापेक्षा चांगली जागा नाही.

आता राहिला वेळेचा अंदाज. १९९४ च्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी ३४, ते म्हणाले. सगळंच बिनसलं तर? ४९. प्रत्यक्षात लागले ५५. अगदी वाईट अंदाजालाही त्यांनी मागं टाकलं! गंमत अशी, की दुसऱ्याच्या कामाबद्दल बोलताना माणूस इतका भोळा राहत नाही. गावात कुणाचं घर कधी पुरं होणार हे बांधणाऱ्यापेक्षा शेजाऱ्याला बरोबर ठाऊक असतं. म्हणून जर्नल पुरं करायला किती दिवस लागतील हे स्वतःला विचारू नये. गेल्या वर्षी ते पुरं केलेल्या सीनियरला विचारावं.

एबिंगहाउसची एक गोष्ट सांगायची राहिली. तरुणपणी त्यानं बायरनच्या ‘डॉन जुआन’ या काव्यातली काही कडवी पाठ केली होती. बावीस वर्षांनी ती पुन्हा हाती घेतली तेव्हा त्यातलं काही आठवेना. तरी पुन्हा पाठ करायला बसला, तर नव्या कडव्यांपेक्षा वेळ थोडा कमीच लागला. जे गेलं असं त्याला वाटत होतं, ते कुठंतरी होतं. जिरायती पट्ट्यात रब्बीची ज्वारी अशीच येते. पाऊस उघडून महिने झालेले, रान वरून भेगाळलेलं, पाण्याची पाळी नाही की काही नाही. आणि वीतभर उकरलं की हाताला ओल लागते.