माळ जळतो, पण डोळा वाचतो

दौंड तालुक्यात भीमेच्या काठी किंवा शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी राहणाऱ्या मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागत नाही. ऊस तुटून कारखान्याला गेला, की पुष्कळ शेतकरी मागे राहिलेले पाचट पेटवून देतात. सारे वावर काळे होते. पाणी दिले, की दोन-तीन आठवड्यांत त्या काळ्या वावरात ओळीने हिरवे कोंब दिसू लागतात. यालाच आपण खोडवा म्हणतो. इथे ऊस नव्याने लावलेला नसतो. जळून गेलेल्या वावरातलाच ऊस पुन्हा फुटलेला असतो.

आता पाटाचे पाणी जिथवर पोचत नाही, अशा मुरमाड माळाकडे वळू. शिरूर आणि दौंड हे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले तालुके. इथे वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते ऑक्टोबर या काळात. दिवाळीनंतर माळावरचे गवत वाळते आणि फेब्रुवारीपासून पुढे त्याला कधीही आग लागू शकते. एखाद्या दुपारी वाऱ्याबरोबर वणवा पसरतो आणि संध्याकाळपर्यंत अख्खा माळ काळा होतो. मात्र जूनचा पाऊस झाला, की तोच माळ पुन्हा हिरवा होतो. कुणी तिथे बी पेरलेले नसते, रोपे लावलेली नसतात. मग हे गवत येते कुठून?

डोळा कुठे आहे?

उसाच्या कांडीवर प्रत्येक पेराशी एक डोळा असतो, हे मुलांना ठाऊक असते. डोळा म्हणजे सुप्त कळी. पोषक परिस्थिती मिळाली, की तिच्यातून नवा फुटवा निघतो. उसाचे जमिनीवरचे कांडे तुटले, त्यावरचे डोळे गेले, पाचट जळाले, तरी बुडख्याच्या जमिनीखालच्या भागावरचे डोळे शाबूत राहतात. खोडवा येतो तो त्या डोळ्यांतून. म्हणूनच ऊस तुटल्यावर बुडखे जमिनीलगत छाटून घ्या, असे कृषितज्ज्ञ सांगतात. वरच्या डोळ्यांतून निघणारे फुटवे कमजोर असतात, खालून येणारे जोमदार.

ऊसही एक गवतच आहे. माळावरची पवन्या, मारवेल, कुसळी ही बहुवर्षायू गवते हेच करतात. त्यांचे डोळे ठोंबाच्या अगदी तळाशी, मातीच्या लगत किंवा मातीत असतात. शिवाय गवताचे पान शेंड्याकडून वाढत नाही, तळाकडून वाढते. म्हणून शेंडा गुराने खाल्ला, विळ्याने कापला किंवा जळाला, तरी वाढीची जागा सुरक्षित राहते. हरळीने तर खोडच जमिनीखाली आडवे पसरलेले असते आणि लव्हाळ्याने गाठी खोल ठेवलेल्या असतात. बांध कितीही वेळा पेटवला तरी हरळी का जात नाही, याचे उत्तर इथे आहे. रानकांदा याहून पुढे गेला आहे. उन्हाळ्यात त्याचे एकही पान जमिनीवर नसते. सारा संसार कांद्यात आवरून तो मातीखाली बसलेला असतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्रिस्टेन रॉन्किअर या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने वनस्पतींचे वर्गीकरण याच प्रश्नावर उभे केले. फुले कशी, पाने कशी, हे त्याने विचारले नाही. प्रतिकूल ऋतूत वनस्पती आपली कळी कुठे ठेवते, एवढेच विचारले. उंच फांदीवर, जमिनीच्या थोडी वर, जमिनीलगत, की जमिनीखाली? आणि ज्या वनस्पती प्रतिकूल ऋतूत कळी ठेवतच नाहीत, फक्त बी मागे ठेवून मरतात, त्यांचा वेगळा वर्ग. त्याच्या डोळ्यांसमोर युरोपातली थंडी होती. पण कळी लपवण्याची युक्ती थंडीला जशी लागू पडते, तशीच आपल्याकडच्या अवर्षणाला आणि वणव्यालाही.

मातीचे पांघरूण

जमिनीखाली दोन-चार सेंटिमीटर गेल्याने एवढा काय फरक पडतो? बराच पडतो. वनस्पतीच्या जिवंत पेशी साधारण ६० अंश सेल्सियसला मिनिटभरात मरतात. वाळलेल्या गवताच्या ज्वाळांचे तापमान कित्येक शे अंश असते. परंतु गवत पातळ असते. ते भडकन पेटते आणि चटकन विझते. एका जागी ज्वाळा टिकतात त्या काही सेकंद, फार तर एखाद-दोन मिनिटे. कोरडी, हवेच्या पोकळ्या असलेली माती उष्णतेची मंद वाहक आहे. उष्णता खाली झिरपायच्या आत आग पुढे सरकलेली असते आणि दोन-तीन सेंटिमीटर खोलीवर तापमान थोडेसेच वाढते.

याउलट एखादा वाळका ओंडका जळाला, तर तो तासन्‌तास धुमसतो आणि त्याच्याखालची माती खोलवर भाजते. माळावर आग लागून गेल्यावर पावसाळ्यात अशा जागा ओळखू येतात. सगळीकडे गवत येते, पण ओंडका जळाला तेवढा तुकडा बराच काळ उघडा राहतो. म्हणजे आगीचा परिणाम ठरतो तो केवळ ज्वाळांच्या तापमानावर नव्हे, तर ती एका जागी किती वेळ थांबली यावरही.

झाडांची रीत

झाडाला आपले डोळे जमिनीखाली नेता येत नाहीत. ते साल जाड करते. इथेही गणित उष्णतावहनाचेच आहे. सालीची जाडी दुप्पट झाली, की उष्णता आतल्या जिवंत थरापर्यंत पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. मोठ्या बाभळीची खडबडीत, भेगाळलेली साल किंवा पळसाची जाड साल हे त्याचे चिलखत. निलगिरीसारख्या झाडाच्या खोडात सालीखाली खोलवर सुप्त कळ्या असतात. म्हणून ऑस्ट्रेलियात मोठ्या वणव्यानंतर काळ्या पडलेल्या खोडांवर बुंध्यापासून वरपर्यंत कोवळी पाने फुटलेली दिसतात.

लहान रोपाची साल मात्र पातळ. त्याचा जमिनीवरचा भाग जळतोच. अशा वेळी पळस, बोर यांसारखी झाडे मुळांतल्या साठ्यावर पुन्हा फुटतात. पुढच्या वर्षी पुन्हा आग, पुन्हा जळणे, पुन्हा फुटणे. माळावर दिसणारे गुडघाभर उंचीचे पळसाचे झुडूप म्हणूनच फसवे असते. वर कोवळे वाटणारे ते झाड मुळांनी अनेक वर्षांचे असू शकते. तीन-चार वर्षे लागोपाठ आग लागली नाही, की ते ज्वाळांच्या उंचीबाहेर निघून जाते. विदर्भात तेंदूपत्ता गोळा करण्याआधी जमिनीवर आग लावण्याची जुनी पद्धत आहे, तीही या गुणावर आधारलेली. तेंदूची झुडपे जळतात आणि मुळांतून कोवळ्या पानांचे धुमारे फुटतात.

बियांची रीत

काही वनस्पती मरतात, पण बी वाचवतात. तरवड, बाभूळ, सुबाभूळ यांच्या बियांचे कवच इतके कठीण असते, की त्यातून पाणी आत शिरत नाही. रोपवाटिकेत आपण अशा बिया गरम पाण्यात टाकतो. उष्णतेने कवचाला तडे जातात आणि बी रुजते. मातीत उथळ पडलेल्या काही बियांसाठी वणवा हेच काम करतो. जगाच्या इतर भागांत तर धूरसुद्धा बियांना जागे करतो. १९९० साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी धुराने बी रुजते हे दाखवले आणि २००४ साली ऑस्ट्रेलियात धुरातले ते रसायन ओळखले गेले. साधा गाळणकागद जाळला तरी त्याच्या धुरात ते सापडते. या गटातल्या रसायनांना आता कॅरिकिन म्हणतात. हे नाव तिथल्या नूंगार आदिवासींच्या ‘धूर’ या अर्थाच्या शब्दावरून घेतले आहे.

आपल्या माळावरची सर्वांत सुंदर युक्ती कुसळीची आहे. कुसळीच्या बीचे टोक सुईसारखे असते आणि त्यावर मागे वळलेले ताठ केस असतात. दुसऱ्या टोकाला लांब, पीळ पडलेले कुसळ. ओलावा लागला की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो. दिवसाचे ऊन आणि रात्रीचे दव यांच्याबरोबर हे कुसळ फिरत राहते आणि गिरमिटासारखे बी जमिनीत घुसवते. उलट्या केसांमुळे ते मागे सरकू शकत नाही. फेब्रुवारीत वणवा येईपर्यंत कुसळीचे पुष्कळसे बी मातीच्या पांघरुणाखाली गेलेले असते.

वाचणे निराळे, भरभराटणे निराळे

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. ‘माळ पेटवला की गवत चांगले येते,’ असे गावोगाव ऐकू येते. त्यात तथ्याचा अंश आहे. जुने वाळलेले काड जळाल्याने ठोंबाच्या तळाशी ऊन पोचते, राखेतून पोटॅश, चुना यांसारखी द्रव्ये मिळतात आणि कोवळे कोंब डोळ्यांत भरतात. पण हे कोंब येतात ते मुळांतल्या शिलकीतून. ते लगेच जनावरांनी खाल्ले, तर शिल्लक भरून काढायला पाने उरत नाहीत. गवतातला बहुतेक नायट्रोजन आगीत वायुरूपाने उडून जातो. राखही उन्हाळी वाऱ्याने उडते, नाहीतर वळवाच्या पहिल्या सरीने वाहून जाते. उघड्या पडलेल्या मुरमाड जमिनीवरची मूठभर मातीही तिच्यासोबत जाते. जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीचा आणि चंडोलाचा विणीचा हंगाम उन्हाळ्यात असतो, हे वेगळेच.

एखाद्या वणव्यातून बहुतेक गवते वाचतात. दरवर्षीच्या वणव्यातून मात्र सगळी सारख्याच प्रमाणात वाचत नाहीत. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील गवताळ आच्छादनाच्या पाहणीत दख्खनचा हा प्रदेश पवन्या-मारवेल गवतांच्या प्रकारात घातला आहे. ही दोन्ही उत्तम चाऱ्याची गवते. चराई आणि आग यांचा ताण वाढत गेला, की पवन्या मागे हटते आणि कुसळी पुढे येते. ताण तसाच राहिला, तर तिच्याही जागी निकृष्ट तुसाळ गवते येतात. कुसळी कोवळी असताना गुरे खातात. फुलोरा आल्यावर मात्र तिची बिया-कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत अडकतात, कातडीत आणि तोंडात रुततात. चांगल्या चाऱ्यासाठी माळ पेटवणारा माणूस दरवर्षी थोडी थोडी कुसळीच पेरत असतो.

दुसरे टोकही बरोबर नाही. माळ जळतो म्हणजे ती उजाड, निकामी जागा आहे, तिथे झाडे लावून टाकावीत, हा विचार गवताच्या मुळावर येतो. २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या मराठी साहित्यातले वनस्पतींचे उल्लेख तपासून त्यांनी दाखवले, की पश्चिम महाराष्ट्रातली काटेरी झाडांची, गवताळ माळराने किमान ७५० वर्षे जुनी आहेत. म्हणजे हे माळ म्हणजे कालपरवा तोडलेले जंगल नव्हे. इथल्या गवतांनी डोळे जमिनीलगत ठेवायला शिकले ते अवर्षण, चराई आणि आग या तिन्हींच्या सोबतीने.

मग आग टाळायची कशी? गवताचे बी पडून गेल्यावर, हिवाळ्याच्या सुरुवातीला चारा कापून नेला, तर गवताचे डोळे राहतात, जळायला काड उरत नाही आणि नायट्रोजन गोठ्यामार्गे शेणखतात जातो. माळाचे भाग पाडून आळीपाळीने चारले, तर मुळांची शिल्लक भरून निघते. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढली, तर लागलेली आग पसरत नाही. आपल्याकडे वणवे बहुतेक माणसामुळेच लागतात. विडीचे थोटूक, पेटवलेला बांध, पाचटाची उडालेली ठिणगी अशी त्यांची कारणे असतात. ती आपल्याच हातात आहेत.

वर्गात आणि माळावर

या विषयासाठी काहीही पेटवण्याची गरज नाही. कुसळीचे एक बी ओल्या टिपकागदावर ठेवावे. कुसळ फिरताना मुलांना प्रत्यक्ष दिसते. तरवडाच्या वीस बिया उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात रात्रभर ठेवाव्यात, वीस तशाच कोरड्या ठेवाव्यात. मग सगळ्या पेराव्यात आणि किती रुजल्या ते मोजावे. एप्रिलच्या दुपारी मैदानातल्या मातीचे तापमान पृष्ठभागावर आणि पाच सेंटिमीटर खाली मोजावे. मातीचे पांघरूण म्हणजे काय, ते दोन आकडे सांगतील.

आणि एक काम दरवर्षी करण्यासारखे आहे. सप्टेंबरमध्ये गावच्या गायरानात दोरीने एक मीटरचे चौकोन आखावेत, काही उन्हाळ्यात जळलेल्या भागात, काही न जळलेल्या. प्रत्येकात पवन्या, मारवेल आणि कुसळी यांचे ठोंब मोजावेत. गवते ओळखायला गावातला एखादा धनगर किंवा जाणता शेतकरी बोलवावा. त्याच्याइतका चांगला मार्गदर्शक मिळणार नाही. आकडे शाळेच्या एका वहीत तारखेसह लिहावेत आणि वही पुढच्या वर्गाकडे सोपवावी. पाच वर्षांच्या नोंदी जमल्या, की माळ पेटवावा की नाही, या चर्चेत गावापुढे ठेवायला त्या शाळेजवळ आपल्या माळाचे स्वतः मोजलेले उत्तर असेल.