थवा नेहमीच ऊर्जा वाचवत नाही

पक्षी थव्याने उडतात ते दमणूक वाचवण्यासाठी, असं सर्रास सांगितलं जातं. पेलिकनबाबत ते खरं आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रांग धरून उडणाऱ्या पेलिकनच्या हृदयाचे ठोके एकट्याने उडणाऱ्यांपेक्षा ११ ते १४ टक्क्यांनी कमी भरले. पुढच्याच्या पंखाच्या टोकामागे हवा वर उचलली जाते, तिचा आधार मागच्याला मिळतो.

कबुतरांचं मात्र उलट आहे. घरी परतायला शिकवलेल्या कबुतरांच्या पाठीवर नोंदयंत्रं बसवून पाहिलं, तर जोडीने उडताना पंखांची फडफड सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेली आढळली. शेजाऱ्याला धडकायचं नाही आणि त्याच्यावरची नजरही ढळू द्यायची नाही, यातच ही जादा शक्ती जात असावी. तरीही ती एकत्र उडतात, कारण सोबतीने घराची वाट अधिक अचूक सापडते, शिवाय ससाण्यापासून बचाव होतो. एकत्र राहण्यामागे ऊर्जेची बचत हे एकच कारण नसतं. कधी कधी त्यासाठी ऊर्जा मोजावीही लागते. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

अंटार्क्टिकातल्या एम्परर पेंग्विनबद्दलही दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. एक, ते हिवाळाभर एकमेकांना चिकटून असतात. दुसरी, कडेच्यांना ऊब मिळावी म्हणून आतले आपली जागा सोडतात. प्रत्यक्षात घट्ट दाटी एका वेळी सरासरी दोन तासही टिकत नाही. आत पारा ३७ अंशांपर्यंत चढू शकतो, मग उकडायला लागतं आणि घोळका फुटतो. जागांची अदलाबदलही परोपकाराने होत नाही. वाऱ्याचा मारा सोसणारा स्वतःपुरता आडोशाच्या बाजूला जाऊन उभा राहतो, आणि असं होता होता मधला कडेला येतो. फायदा मात्र खरा आहे. मीलनकाळापासून अंडं फुटेपर्यंत नर जवळपास चार महिने उपाशी असतो. एकट्याने उभा राहिला, तर अंगावरची चरबी तेवढे दिवस पुरणार नाही.

आणि मुंग्या? वसाहत मोठी तर प्रत्येकीचे कष्ट जास्त, असं वाटतं. पण दाणे गोळा करणाऱ्या मुंग्यांच्या मोठ्या वसाहतीत दर मुंगीमागे ऊर्जा उलट कमी खर्च होते. एकटेपणाची किंमत तर फारच जबर. २०१५ च्या एका प्रयोगात दहाजणींच्या गटातल्या सुतार मुंग्या साधारण ६६ दिवस जगल्या, एकट्या ठेवलेल्या जेमतेम ६. त्या उपाशी नव्हत्या. त्या सतत चालत राहिल्या आणि खाल्लेलं अन्न साठवणीच्या पिशवीतून पुढे पचायला गेलंच नाही.