वर्गात गॅमेलान: ताटं, वाट्या आणि एक घंटा 🎶

जगाचं संगीत वर्गात आणायचं म्हटलं, की मी आधी इंडोनेशियाच्या गॅमेलानचं नाव घेतो. कांस्याच्या पट्ट्या, भांड्यांसारखी वाद्यं आणि मोठ्या घंटा यांचा हा वाद्यवृंद जावा आणि बालीत वाजतो. 2021 साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं.

शाळेसाठी हा का उत्तम? कारण इथे नवख्यालाही जागा आहे. कुणी झपाझप सूर वाजवतं, तर कुणी आवर्तनात एकदाच मोठी घंटा. पण ती घंटा चुकली, तर सगळ्यांचाच तोल जातो!

आपली सम आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येते. जावाच्या संगीतात मोठी घंटा शेवटच्या मात्रेवर येऊन आवर्तन पुरं करते. मुलांना हा फरक टाळ्या वाजवूनच कळतो.

करून पाहा:
🔸 सगळ्यांनी 1 ते 8 मोजायचं.
🔸 एका गटाने विषम आकड्यांवर वाटी वाजवायची, दुसऱ्याने सम आकड्यांवर ताट.
🔸 8 वर एकाने शाळेची घंटा द्यायची.

बालीतली ‘कोतेकान’ पद्धत याहून गुंतागुंतीची, पण तत्त्व हेच: दोघांनी अर्धं-अर्धं वाजवायचं, ऐकणाऱ्याला मात्र एकच धून ऐकू येते.

आणि हो, वाजवण्याआधी चपला काढायच्या, वाद्य ओलांडायचं नाही. हा तिथला रिवाज. तबल्याला चुकून पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या आपल्या मुलांना तो समजावून सांगावाच लागत नाही. ❤️

#गॅमेलान #संगीतशिक्षण