हिशेब कधी मांडला होता?

२१ ऑक्टोबर १९६६. दक्षिण वेल्समधल्या ॲबरफॅन या खाणगावात सकाळची शाळा नुकती भरली होती. सव्वानऊच्या सुमारास वरच्या डोंगरावर रचलेला खाणीतल्या टाकाऊ मालाचा ढिगारा चिखल होऊन खाली आला आणि पँटग्लास प्राथमिक शाळा व आजूबाजूची घरे त्याखाली गाडली गेली. १४४ माणसे गेली, त्यांतली ११६ मुले होती. सातव्या क्रमांकाचा तो ढिगारा ज्या जागेवर रचला होता तिथे पाण्याचा झरा होता आणि तो झरा नकाशात दाखवलेला होता.

न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी न्यायाधिकरणाचे काम ७६ दिवस चालले आणि १३६ साक्षीदार तपासले गेले. गावकऱ्यांची बाजू बॅरिस्टर डेस्मंड ॲकनर यांनी मांडली. अहवालाने सारा दोष खाण चालवणाऱ्या राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला, आणि आपली चूक सुरुवातीलाच कबूल न केल्याबद्दल मंडळाला फटकारलेही. एवढे होऊन फौजदारी खटला एकावरही भरला गेला नाही. कोणाची नोकरी गेली नाही. उरलेले ढिगारे हटवण्यासाठी मात्र गावासाठी जमलेल्या देणग्यांच्या निधीतून दीड लाख पौंड काढून घेतले गेले. ते १९९७ मध्ये परत मिळाले, व्याजाविना. ही शेवटची गोष्ट वाचताना आजही संताप येतो.

खटला का झाला नाही, याचे उत्तर त्या काळच्या कायद्यात आहे. खाणींचा कायदा खाणीत उतरणाऱ्या मजुरासाठी लिहिलेला होता. डोंगराच्या पायथ्याशी शाळेत बसलेले मूल त्याच्या नजरेत नव्हते. कारखान्यांचा कायदा कारखान्यापुरता, दुकानांचा दुकानापुरता. कोणत्या यंत्राला कोणते कुंपण हवे, छत किती उंच हवे, हे सारे बारकाईने लिहिलेले. ज्या धोक्यासाठी कलम लिहायचे राहिले, तो धोका कोणाच्याच माथी नव्हता.

हे बदलण्यासाठी मंत्री बार्बरा कॅसल यांनी १९७० मध्ये समिती नेमली, आणि तिचे अध्यक्षपद लॉर्ड रॉबेन्स यांना दिले. ॲबरफॅनच्या वेळी कोळसा मंडळाचे अध्यक्ष हेच होते. दुर्घटनेची बातमी आल्यावरही गावात जाण्याआधी ते सरे विद्यापीठाच्या कुलपतिपदाच्या समारंभाला गेले होते. अशा माणसाच्या हातून १९७२ चा तो अहवाल यावा, हे गावकऱ्यांना किती बोचले असेल! पण अहवाल चांगला होता, हेही म्हटले पाहिजे. त्याचे सार असे: कलमांचे जंगल तोडा, धोका जो निर्माण करतो त्याच्यावर एकच सर्वसाधारण जबाबदारी टाका, ती कशी पार पाडली हे त्यालाच दाखवू द्या. त्यातून १९७४ चा आरोग्य व सुरक्षा कायदा झाला. विधेयक संसदेत असतानाच, १ जून १९७४ रोजी, फ्लिक्सबरो इथल्या रसायन कारखान्यात स्फोट होऊन २८ कामगार मेले.

या कायद्याची तीन कलमे ध्यानात ठेवली तर पुढचे सगळे उलगडते. कलम २ सांगते की वाजवीपणे शक्य असेल तितकी आपल्या कामगारांची सुरक्षितता मालकाने राखायची. कलम ३ तीच जबाबदारी कामगार नसलेल्यांपर्यंत नेते. ॲबरफॅनचे मूल या सर्वसाधारण जबाबदारीत आले. आणि कलम ४०. वाजवीपणे शक्य होते ते सारे आपण केले, हे सिद्ध करण्याचा भार त्याने आरोपीवर टाकला.

फौजदारी कायद्याची जराशी ओळख असलेला वाचकही इथे थबकेल. गुन्हा फिर्यादी पक्षाने सिद्ध करायचा, आरोपीने गप्प बसले तरी चालते, हे इंग्रजी न्यायाचे मूळ तत्त्व. आपणही ते त्यांच्याकडूनच घेतले. मग इथे उलटे कसे? निर्दोषत्वाच्या गृहीतकाला यामुळे बाध येतो, असा युक्तिवाद २००२ मध्ये अपील न्यायालयापुढे झाला. न्यायालयाने तो मानला नाही. धोक्याचा धंदा तुम्ही स्वखुशीने चालवता, त्यातून नफा मिळवता, काय केले आणि काय केले नाही याची माहिती तुमच्याच कपाटात असते. तेव्हा ती तुम्हीच दाखवा. मला हे न्याय्य वाटते. मेलेला कामगार साक्ष द्यायला येत नाही, त्याचे सोबती त्याच मालकाकडे नोकरीला असतात.

या उलट्या भारामुळे ब्रिटनमध्ये बॅरिस्टरांची एक वेगळी शाखा उभी राहिली. सॉलिसिटर खटल्याची फाइल बांधतो आणि बॅरिस्टर न्यायालयात उभा राहतो, ही तिथली जुनी विभागणी. आरोग्य व सुरक्षेच्या खटल्यांत उभ्या राहणाऱ्याला कायद्याइतकेच क्रेन, परांची, खंदक, बॉयलर, विजेच्या तारा समजावे लागतात. इंग्लंडमध्ये हे खटले बहुधा हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे एचएसई, ही सरकारी यंत्रणा स्वतःच भरते; स्कॉटलंडमध्ये सरकारी अभियोक्त्याचे कार्यालय. नियामक संस्थांनी या कामासाठी खास वकिलांची यादी ठेवली आहे, अनुभवाप्रमाणे तीन श्रेणींत.

काम कसे चालते पाहा. अपघातात माणूस दगावला की आधी पोलीस तपास हाती घेतात. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा बसत नाही असे दिसले की सूत्रे एचएसईकडे जातात. निरीक्षकाला कायद्याने मोठे अधिकार दिले आहेत. तो कोणालाही प्रश्नांची उत्तरे द्यायला भाग पाडू शकतो, फक्त ती उत्तरे देणाऱ्याच्याच विरुद्ध वापरता येत नाहीत. मग कागद गोळा होतात: जोखमीचे मूल्यमापन, कामाची लेखी पद्धत, प्रशिक्षणाच्या नोंदी, देखभालीची वही, काम सुरू होण्यापूर्वीच्या ‘टूलबॉक्स टॉक’च्या सह्या, थोडक्यात हुकलेल्या अपघातांच्या नोंदी. बॅरिस्टर हे सगळे वाचतो आणि त्यात एकच गोष्ट शोधतो. धोक्याचा विचार काम सुरू होण्याआधी झाला होता, की अपघातानंतर कागद रंगवले गेले?

ही कसोटी १९४९ च्या एडवर्ड्‌स विरुद्ध राष्ट्रीय कोळसा मंडळ या निकालातून आली आहे. खाणीतल्या वाटेची आधार न दिलेली बाजू ढासळून एक कामगार मेला आणि त्याच्या विधवेने दावा लावला. सगळ्या वाटांना आधार देणे परवडणारे नाही, असे मंडळ म्हणाले. न्यायमूर्ती ॲस्क्विथ यांनी तराजूची कसोटी मांडली: एका पारड्यात धोका घाला, दुसऱ्यात तो टाळायला लागणारा पैसा, वेळ आणि त्रास. धोक्याच्या मानाने खर्च फारच अवाढव्य असेल, तरच मालक सुटेल. पारडी सारखी झाली तर मालक सुटत नाही. आणि हे वजन अपघाताच्या आधीच करून ठेवलेले असले पाहिजे. मंडळाने असा हिशेब कधी मांडलाच नव्हता. बाई जिंकली.

उलटतपासणीत आजही या निकालाचाच धागा धरला जातो. अमुक यंत्राला जाळी बसवा असे पर्यवेक्षकाने लिहिले होते का? त्यावर काय उत्तर गेले? ‘पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात पाहू’ असा एक ई-मेल सापडला की बचावाची सारी इमारत डळमळते. उलट, हिशेब प्रामाणिकपणे मांडलेला असेल आणि त्या वेळी उपलब्ध ज्ञानाप्रमाणे तो बरोबर असेल, तर बचावाचा बॅरिस्टर तोच कागद ज्युरीपुढे ठेवतो.

धोका म्हणजे नेमके काय, यावरही बरीच वर्षे झुंज चालली. १९९३ च्या लंडनच्या सायन्स म्युझियमच्या खटल्यात वातानुकूलनाच्या यंत्रणेतून लीजनेला हा घातक जिवाणू बाहेर पडण्याचा संभव होता. कोणाला बाधा झाल्याचे दाखवण्याची गरज नाही, संभव पुरेसा आहे, असे न्यायालयाने ठरवले. म्हणजे कोणी मेल्याशिवायही गुन्हा घडतो. २००८ मध्ये चारगॉट खटल्यात एका कामगाराच्या डंपरचा भार त्याच्याच अंगावर येऊन तो दगावला होता. मालकाने नेमके कुठे चुकवले हे फिर्यादीने दाखवलेच पाहिजे, असा बचाव होता. लॉर्ड होप यांनी तो फेटाळला, पण एक मर्यादाही घातली: आयुष्यातला प्रत्येक धोका पुसून टाकणे हा या कायद्याचा उद्देश नाही. त्याच वर्षी अपील न्यायालयाने वेल्समधल्या एका खासगी शाळेच्या मुख्याध्यापकांना दोषमुक्त केले. तीन वर्षांचे एक मूल शाळेच्या पायऱ्यांवरून उडी मारताना पडले आणि पुढे इस्पितळात वारले. ज्युरीने मुख्याध्यापकांना दोषी धरले होते. पायऱ्या असतात, मुले उड्या मारतात. धोका खराखुरा हवा, कल्पनेतला नको, असे अपील न्यायालय म्हणाले. एवढ्या करुण प्रसंगातही ही रेष ओढायला बचावाचा कसलेला बॅरिस्टर लागला. त्या निकालामुळे शाळांची मैदाने वाचली, असे मला वाटते.

इंग्लंडच्या बॅरिस्टरांसाठी ‘कॅब-रँक’ नावाचा नियम आहे. आपल्या विषयातला खटला आला, वेळ आहे, फी रास्त आहे, तर अशील आवडत नाही म्हणून बॅरिस्टरला नकार देता येत नाही. त्यामुळे आज एचएसईकडून उभा असलेला उद्या कंपनीकडून उभा असतो. बाहेरच्याला हे खटकते. पण दोन्ही बाजूंच्या कागदांची सवय असलेला माणूस अधिक नेमके प्रश्न विचारतो, आणि खोटा बचाव त्याच्यापुढे फार वेळ तगत नाही.

मोठ्या कंपन्यांना मनुष्यवधासाठी जबाबदार धरणे मात्र फार काळ जमले नाही. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झीब्रुख बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट पुढचे दरवाजे उघडे ठेवून निघाली आणि उलटली. १९३ जण मेले. न्यायमूर्ती शीन यांच्या चौकशीने खलाशांपासून संचालकांपर्यंत सगळ्यांची बेपर्वाई उघड केली. तरी १९९० मध्ये कंपनीवरचा खटला कोसळला, कारण कंपनीचे ‘मन’ म्हणता येईल अशा एका वरिष्ठ व्यक्तीचा अपराध सिद्ध करावा लागे, आणि मोठ्या कंपनीत दोष दहा टेबलांवर वाटलेला असतो. १९९४ मध्ये पहिली कंपनी दोषी ठरली ती लाइम उपसागरात चार किशोरवयीन मुले बुडाल्याच्या प्रकरणात. ती इतकी लहान होती की तिचे मन शोधावे लागले नाही. मोठ्यांसाठी २००७ चा कायदा आला. त्यात वरिष्ठ व्यवस्थापनाने काम ज्या रीतीने चालवले, तीच तपासली जाते. त्याखालची पहिली शिक्षा २०११ मध्ये झाली: खोदलेला खड्डा ढासळून एक तरुण भूवैज्ञानिक गाडला गेला होता, आणि दंड झाला ३ लाख ८५ हजार पौंडांचा. तीही छोटीच कंपनी.

मोठ्यांना खरी धास्ती बसली ती फेब्रुवारी २०१६ च्या शिक्षाविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी. दंड आता कंपनीच्या उलाढालीवर ठरतो, आणि किती इजा झाली याबरोबर किती होऊ शकली असती हेही मोजले जाते. जून २०१५ मध्ये ऑल्टन टॉवर्स या मनोरंजन उद्यानातल्या ‘स्मायलर’ रोलरकोस्टरवर १६ जणांनी भरलेली गाडी रिकाम्या गाडीवर आदळली आणि दोन तरुणींना पाय गमवावे लागले. मार्गात रिकामी गाडी अडकली आहे हे न ओळखता अभियंत्यांनी सुरक्षा यंत्रणा बाजूला सारून भरलेली गाडी पुढे सोडली होती. न्यायालयाने त्या कामगारांवर खापर फोडले नाही. त्यांना नीट पद्धत घालून दिली नव्हती म्हणून उद्यान चालवणाऱ्या मर्लिन कंपनीला सप्टेंबर २०१६ मध्ये ५० लाख पौंड दंड केला.

एक सल बाकी आहे. कामावरच्या मृत्यूनंतर कॉरोनर, म्हणजे मृत्यूचे कारण शोधणारा अधिकारी, याच्यापुढे जी चौकशी होते, तिथे कंपनीच्या बाजूला किंग्ज काउन्सेल दर्जाचे ज्येष्ठ बॅरिस्टर बसलेले असतात आणि मृताच्या बायकोमुलांना पुष्कळदा सरकारी कायदेशीर मदतही मिळत नाही. ॲबरफॅनच्या गावकऱ्यांना ॲकनर मिळाले. एकट्या खड्ड्यात गाडल्या गेलेल्या एकट्या माणसाच्या घरच्यांना असा वकील मिळेलच याची खात्री नाही.

तरीही ब्रिटनमध्ये १९७४ साली ६५१ कामगार कामावर मेले होते आणि २०२३-२४ मध्ये १३८. यातला काही भाग खाणी आणि गिरण्या बंद पडल्याचा आहे, पण सगळा नाही.

महाराष्ट्राशी या विषयाचा दुवा जुना आहे. ग्रेज इनचे बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते सांभाळत होते, आणि कोळसा खाणींतली स्थिती पाहायला ते स्वतः धनबादच्या खाणीत उतरले होते. दुसरा दुवा कलमांचा. भोपाळच्या वायुगळतीच्या वेळी भारतीय कारखाने अधिनियमात अशी सर्वसाधारण जबाबदारी नव्हती. खटला चालला दंडसंहितेखाली, सिद्धतेचा सारा भार फिर्यादीवर. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोप सौम्य केले आणि जून २०१० मध्ये शिक्षा झाली ती दोन वर्षांची. मधल्या काळात, १९८७ मध्ये, अधिनियमात कलम ७-अ आले. ते ब्रिटनच्या कलम २ ची जवळजवळ नक्कल आहे. शक्य ते सारे केल्याचा भार भोगवटादारावर टाकणारे कलम १०४-अ ही त्याच वर्षी आले.

म्हणजे ब्रिटिश बॅरिस्टर ज्या कलमांवर उभा राहतो ती आपल्याकडेही होती. पण दंडाची कमाल मर्यादा होती एक लाख रुपये, आणि माणूस मेला तर किमान पंचवीस हजार. २०२० च्या कामगार-सुरक्षा संहितेने ही किमान रक्कम पाच लाखांवर नेली आणि निम्मा दंड तरी वारसांना देण्याची सोय केली, हे चांगले झाले. मुदतीचे काय? अधिनियमाच्या कलम १०६ प्रमाणे निरीक्षकाला गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांत तक्रार दाखल करावी लागे. ‘स्मायलर’च्या अपघातापासून शिक्षेपर्यंत जवळजवळ सोळा महिने गेले, आणि त्यातही कंपनीने गुन्हा कबूल केला होता. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये स्फोट झाले. अशा कारखान्यातल्या देखभालीच्या वह्या, खरेदीचे ई-मेल, प्रशिक्षणाच्या सह्या गोळा करून, तज्ज्ञाचे मत घेऊन, ते सगळे समजणाऱ्या वकिलापुढे ठेवायला ते तीन महिने पुरेसे नव्हते, आणि असा वकील नेमण्यासाठी ब्रिटनसारखी यादी आपल्याकडे आधी तयार करावी लागेल.