साडेसातचा हिशेब

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून गिरणीचं हे नाव. त्या काळच्या गिरण्यांत वाफेचं इंजिन एक, त्यानं फिरवलेला लांबलचक शाफ्ट एक आणि त्यावरून पट्ट्यांनी फिरणारी यंत्रं शेकड्यांनी. अशा ठिकाणी अश्वशक्तीत बोलणं अगदी रास्त होतं, कारण प्रश्न एवढाच होता की शाफ्टवर काम किती मिळतं. पुढे वीज आली, पट्टे गेले, प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली. शब्द मात्र तोच राहिला. १९५६ च्या कायद्यानं देश मेट्रिक मापांकडे वळला, मोटरच्या पाटीवर किलोवॉट आले, तरी हिंगण्याच्या वर्कशॉपपासून काटोलच्या विहिरीपर्यंत मोटर अजून एचपीतच मागितली जाते. यात लोकांचा दोष फारसा नाही. मीटर नसलेल्या शेतीपंपाचं बिल एचपीवर निघत आलं आणि २०२४ मध्ये राज्य सरकारनं शेतीपंपांना मोफत वीज दिली तीही साडेसात एचपीपर्यंत. सरकारदरबारीच जे माप चालतं, ते माणसाच्या तोंडून कसं जाणार?

अडचण सुरू झाली ती ड्राइव्ह आल्यावर. वेग बदलणारे एसी ड्राइव्ह जगात घाऊक प्रमाणावर बनू लागले १९६८ च्या सुमारास, डेन्मार्कमधून. आपल्याकडच्या लहान-मध्यम कारखान्यांना ते परवडू लागायला नव्वदचं दशक उलटावं लागलं. दुकानात प्रश्न मात्र जुनाच, 'किती एचपीचा देऊ?' माझं म्हणणं असं की गेल्या दोन-तीन दशकांत ड्राइव्हच्या निवडीत जे चुकत आलं, त्यातलं बरंचसं या एका प्रश्नात आहे. एचपी सांगते शाफ्टवर काय मिळतं ते. ड्राइव्ह बसतो तारेच्या बाजूला, आणि त्याच्या पोटातल्या स्विचना कळतात फक्त दोन गोष्टी, करंट आणि उष्णता. थेट सुरू केलेली मोटर काही सेकंद सहापट करंट पचवते, कारण तांब्याला तापायला वेळ लागतो. सिलिकॉनच्या इवल्याशा चकतीला तेवढी सवड नसते. १० एचपीची चार पोलची मोटर ४१५ व्होल्टवर साधारण १४ ॲम्पिअर घेते. तेवढ्याच एचपीची आठ पोलची, हळू फिरणारी मोटर १७ च्या आसपास जाते, कारण तिचा पॉवर फॅक्टर कमी असतो. सबमर्सिबलचा करंटही त्याच एचपीच्या साध्या मोटरीपेक्षा जास्त असतो. रिवाइंड केलेल्या मोटरीचं तर पाटी सांगते तेच खरं असं धरून चालताच येत नाही. त्यात आणखी एक गंमत. साडेसात हा आकडा दोन्ही मापांत येतो: साडेसात एचपी म्हणजे ५.५ किलोवॉट, आणि साडेसात किलोवॉट म्हणजे १० एचपी. फोनवर नुसतं 'साडेसातचा ड्राइव्ह पाठवा' म्हटलं की साडेसाती सुरू.

मग इतकी वर्षं हे खपलं कसं? कारण ड्राइव्ह आधी पोचले ते पंप आणि पंख्यांवर. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आला, पाठोपाठ ऊर्जा लेखापरीक्षणं आली आणि त्यांच्या अहवालांत ड्राइव्हची शिफारस ठरलेली असे. ती चुकीची नव्हती. सेंट्रिफ्यूगल पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनानं घटते. ५० ऐवजी ४० हर्ट्झवर चालवला की जवळपास निम्मी. करंट उतरतो, ड्राइव्ह निवांत राहतो आणि एचपीवरून केलेली निवड पास होते. तोच ड्राइव्ह दगडाच्या क्रशरला, भरलेल्या कन्व्हेयरला किंवा क्रेनला जोडला की मात्र वेग कमी केला तरी टॉर्क तेवढाच लागतो, सुरुवातीला तर जास्तच. म्हणून कंपन्या एकाच ड्राइव्हला दोन क्षमता देतात: हलक्या कामासाठी मिनिटभर ११० टक्के, जड कामासाठी १५० टक्के. त्यामुळे त्याच ड्राइव्हचा जड कामासाठीचा ॲम्पिअरचा आकडा लहान असतो आणि खरेदीच्या घाईत तो वाचला जात नाही.

नागपूरसाठी याहून मोठा मुद्दा उन्हाचा आहे. मोटर आणि ड्राइव्हची क्षमता बहुतेक वेळा ४० अंश तापमान धरून ठरवलेली असते. उंचीची अट १००० मीटरची. नागपूर तीनशेच्या आसपास, तिथे आपण सुटलो. तापमानात मात्र सुटका नाही, कारण मे महिन्यात ४५ अंश इथे बातमीही ठरत नाही. शिवाय ड्राइव्ह बसतो बंद लोखंडी पॅनेलमध्ये. ३० किलोवॉटचा ड्राइव्ह सुमारे तीन टक्के शक्ती उष्णतेत घालवतो, म्हणजे पेटीत ९०० वॉटची इस्त्री दिवसभर चालू ठेवल्यासारखंच. अनेक ड्राइव्हना ४० च्या वर दर अंशाला एक टक्का क्षमता कमी धरावी लागते आणि ५० नंतर बऱ्याच कंपन्या हात वर करतात. १६ ॲम्पिअरचा ड्राइव्ह ५० अंशांना १४.४ चा उरतो. चार पोलची १० एचपीची मोटर त्यावर कशीबशी निभावते. आठ पोलची दुपारी तीनला बंद पाडते. मग पॅनेलचं दार उघडून समोर पेडेस्टल फॅन लावला जातो, कुठे कूलरही, आणि जिनिंगमध्ये सरकीची धूळ व कापसाचे तंतू हीटसिंकच्या फटींत जाऊन बसतात. कूलरच्या ओलाव्यानं काय होतं, ते पावसाळ्यात कळतं.

यावर पहिला आक्षेप असा की कंपनीच ड्राइव्हवर एचपी छापते, मग ग्राहकानं का मानू नये? छापते, पण तो आकडा चार पोलची मोटर आणि ठरावीक तापमान धरूनच. दुसरा आक्षेप अनुभवी मिस्त्रींचा: एवढा हिशेब कशाला, सरळ एक साइज मोठा घ्या. या नियमानं कित्येक कारखाने तगले आहेत, हे मान्यच करायला हवं. पण आठ पोलची मोटर, जड काम आणि मेचं ऊन एकत्र आलं की एक साइजही पुरत नाही, आणि साध्या पंपावर तोच नियम लावला तर पैसे फुकट जातात. मोठा ड्राइव्ह घेऊन मोटरीच्या संरक्षणाचा करंट त्यात भरायचा राहिला, तर ड्राइव्ह वाचतो आणि मोटर जळते. उतरत्या क्रेनचा ब्रेकिंग रेझिस्टर तर कितीही मोठ्या साइजनं टळत नाही.

मोटरच्या पाटीवर एचपीच्या शेजारीच ॲम्पिअर कोरलेले असतात. ते वाचा, टंग टेस्टर लावून भरल्या कामाचा करंट बघा, मेच्या दुपारी बंद पॅनेलमध्ये थर्मामीटर ठेवा, आणि ड्राइव्हची ऑर्डर त्यानंतर द्या.