शेतीची नोंदवही घरच्या संगणकावर

द्राक्षबागेत शेवटची फवारणी कोणत्या तारखेला झाली, कोणते औषध किती मात्रेत वापरले, हे काढणीपूर्वी आपणास नेमके सांगता आले पाहिजे. फवारणी व काढणी यांत सोडावयाचे दिवस पाळले गेले की नाही, हे त्यावरूनच कळते. निर्यातीच्या मालात औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळल्यास माल नाकारला जातो. वही भिजते, पाने फाटतात, जुनी नोंद वेळेवर सापडत नाही. यासाठी तारीखवार नोंदी ठेवणारा लहानसा प्रोग्राम घरच्या संगणकावर तयार करता येतो. संगणक शिकलेल्या मुलामुलींची त्यासाठी मदत घ्यावी.

लागणारे साहित्य

पायथॉन ही संगणकाची भाषा, पाने दाखविणारे फ्लास्क आणि नोंदी साठविणारे एसक्यूलाइट, ही तिन्ही साधने मोफत मिळतात. एसक्यूलाइट पायथॉनसोबतच येते. इंटरनेट फक्त ही साधने उतरवून घेण्यापुरते लागते. पुढे प्रोग्राम त्याविना चालतो.

कृती

१) पायथॉन त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे.

२) कामासाठी स्वतंत्र फोल्डर करावा. त्यात पायथॉनचे वेगळे आभासी वातावरण तयार करून ते सुरू करावे व मगच फ्लास्क बसवावे. त्यामुळे संगणकावरील इतर प्रोग्रामशी गल्लत होत नाही.

३) नोंदींचा तक्ता आखावा. त्यात अनुक्रमांक, दिनांक, गट नंबर, पीक, केलेले काम, औषध व मात्रा आणि शेरा असे रकाने ठेवावेत.

४) दिनांक वर्ष-महिना-दिवस या क्रमाने साठवावा. दिवस आधी लिहिल्यास २ ऑगस्टची नोंद १५ जुलैच्या आधी लागते.

५) तीन पाने पुरेशी आहेत : सर्व नोंदींची यादी, नवीन नोंद आणि नोंदीची दुरुस्ती.

६) कमांड प्रॉम्प्टमधून प्रोग्राम सुरू करावा. नंतर ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता, त्यापुढे अपूर्णविराम (:) व ५००० हा अंक टाकावा. या पत्त्याचा अर्थ 'हाच संगणक' असा आहे. काम संपेपर्यंत कमांड प्रॉम्प्टची खिडकी बंद करू नये.

नेहमीच्या अडचणी

फ्लास्क सापडत नाही असा संदेश आल्यास आभासी वातावरण सुरू करावयाचे राहिले असे समजावे. ५००० क्रमांक दुसऱ्या प्रोग्रामने अडविला असल्यास ५००१ वापरावा. तक्ता तयार करण्याची आज्ञा जुना तक्ता पुसून नवा करणारी असेल, तर ती पुन्हा चालवू नये. सर्व नोंदी जातात.

घ्यावयाची काळजी

प्रोग्राम बिघडला तर पुन्हा लिहिता येतो, परंतु हंगामाच्या नोंदी पुन्हा मिळत नाहीत. त्या सर्व एकाच फाईलमध्ये असतात. म्हणून दर आठवड्याला प्रोग्राम बंद करून त्या फाईलची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी व पेनड्राइव्ह संगणकापासून दूर ठेवावा. घेतलेली प्रत उघडते की नाही, हेही पाहावे. हा प्रोग्राम घरच्या वापरासाठी आहे. पासवर्ड व इतर सुरक्षा केल्याशिवाय तो इंटरनेटवर खुला करू नये.

सुरुवात एकाच गटापासून करावी. पहिला महिनाभर वहीही सोबत ठेवावी व दोन्हींतील नोंदी ताडून पाहाव्यात. फवारणीची नोंद मात्र त्याच दिवशी संध्याकाळी करावी, कारण न लिहिलेली तारीख संगणकही सांगू शकत नाही.